बडे बाबूंची भेग

सेवानिवृत्त माणसानं भिंतीत खिळा ठोकू नये. नोकरीतल्यानं खुशाल ठोकावा, कारण त्याला लगेच ऑफिसला पळायचं असतं. भिंतीतून काही भलतंच निघालं तर ते पाहायला तो घरी नसतो. इंद्रकुमार रहांगडाले यांना हे कोणी वेळेवर सांगितलं नाही. निरोपसमारंभाचा फोटो बैठकीत लावायचा होता. फोटोत शाल होती, नारळ होता, आणि नारळामागं इटियाडोह धरणाचा थोडासा भाग होता. एवढ्याशा कामाला सुतार कशाला, म्हणून ते स्वतःच हातोडी घेऊन स्टुलावर चढले.

पहिल्या ठोक्याला खिळा वाकला. दुसऱ्याला बोट सुजलं. तिसऱ्या ठोक्याला परातीएवढा गिलावा धपकन खाली आला, त्याच्या धक्क्यानं स्टुलावरचा फोटो खाली आला, आणि फोटो सावरायला गेलेले इंद्रकुमारही खाली आले. धूळ बसल्यावर त्यांनी वर पाहिलं. भिंतीला भेग होती. माणसाच्या डोक्याच्या वरून निघून सरळ फरशीपर्यंत गेलेली.

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी योगेश्वरी धावत आल्या.

"लागलं का जी?"

"मले सोडा. भिंत पाहा. सेटलमेंट आहे. पाया खचून राहिला."

योगेश्वरीबाईंनी आधी नवरा पाहिला, मग भिंत पाहिली, आणि दोन्हींत नवऱ्याची अवस्था जास्त वाईट आहे असं ठरवून हळद आणायला गेल्या.

'सेटलमेंट' हा शब्द इंद्रकुमारांकडं कुठून आला, हे सांगायला हवं. सगळी नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात बडे बाबू, म्हणजे हेड क्लार्क, म्हणून काढली. इंजिनिअर साहेब यायचे, बदलून जायचे. बडे बाबू जागेवरच. साहेबांच्या टिपण्या टाइप करता करता सीपेज, सेटलमेंट, बेअरिंग असे शब्द त्यांच्या अंगात मुरले होते. धरणाच्या भिंतीवर ते फक्त एकदा, सहलीला गेले होते. पण आपण कागदोपत्री नसलो तरी वृत्तीनं इंजिनिअरच आहोत, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. गल्लीनं मात्र त्यांना कधी 'साहेब' म्हटलं नाही. गल्लीत ते 'बडे बाबू'च राहिले, आणि हे त्यांना आतून थोडं खुपायचं.

घरही साधंसुधं नव्हतं. गोंदियात बिडीचा धंदा जोरात होता त्या काळातली ती एका शेठची पानांची वखार. जाड विटांच्या चुन्यातल्या भिंती, उंच छत. शेठचा धंदा बसला तेव्हा त्यानं वखारीचे मधोमध दोन भाग केले, गिलावा मारून चुना फासला आणि विकून टाकले. एक भाग इंद्रकुमारांच्या वडिलांनी घेतला, दुसरा भैयाजी बिसेनांच्या वडिलांनी. दोघंही चोरखमारा गावाकडचे, धानाची शेती करणारे, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात आलेले. दोन दारं, दोन अंगणं, समोरची ओसरी तेवढी सलग, आणि मधली भिंत सामाईक. भेग पडली होती ती नेमकी याच भिंतीला.

संध्याकाळपर्यंत भेग पाहायला अर्धी गल्ली येऊन गेली. समोरचे जागेश्वर गुरुजी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हे मालगाडीचं काम होय. रेल्वे जंक्शनच्या गावात घर म्हणजे चाळणीत दाणे." गुरुजींचं घर रेल्वेला याहून जवळ होतं आणि त्याला ओरखडाही नव्हता, पण हे त्यांना विचारणं बरं दिसलं नसतं. कोणी पिंपळाचं मूळ म्हणालं. पिंपळ कुठं आहे विचारल्यावर "मूळ लांबून येत राहते" असं उत्तर मिळालं. कोणी सिमेंट भरा म्हणालं, कोणी मुळीच भरू नका म्हणालं. एका बाईंनी भेगेला हळदकुंकू वाहिलं. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

इंद्रकुमारांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि शास्त्राची कास धरली. भेग चालती आहे की थांबलेली, हे आधी पाहायचं असतं. त्यासाठी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवतात. भिंत हलली की काच तडकते. हे त्यांनी एका साहेबांच्या टिपणीत टाइप केलं होतं. काच तर घरात होतीच, फोटोच्या चौकटीतली, फुटलेली. तिच्यातून दोन पट्ट्या कापून आणल्या. एक वर, डोळ्यांच्या उंचीवर लावली. दुसरी खाली, लोखंडी कपाटाच्या कडेला. प्लास्टर ऑफ पॅरिस हाताला, शर्टाला आणि थोडंसं भिंतीलाही लागलं.

"आता याले कोणी हात लावायचा नाई," त्यांनी घरात जाहीर केलं. घरात योगेश्वरीबाई सोडून कोणीच नव्हतं. मुलगा उमेंद्र पुण्यात नोकरीला. फोनवर सगळं ऐकून तो म्हणाला, "बाबा, विकून टाका ना ते. फ्लॅट घेऊ, लिफ्ट असलेला." योगेश्वरीबाईंनी फोन हातात घेतला आणि जेवलास का, एवढंच विचारून ठेवून दिला. पण त्या दिवसापासून त्या जरा गप्प गप्प झाल्या. अंगणातला कढीपत्ता, मागचं तुळशीवृंदावन, ओसरीवर वाळत घातलेले पापड, हे लिफ्टमधून वर नेता येत नाही हे त्यांना कळत होतं.

अखातीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी इंद्रकुमार बाजारातून आंबे घेऊन आले, पट्टीची पाहणी करायला भिंतीजवळ गेले, आणि आंब्यांची पिशवी त्यांच्या हातातून गळाली. वरच्या काचेचे दोन तुकडे झाले होते.

"चालली! भिंत चालली!"

"कुठं?" योगेश्वरीबाईंनी आतून विचारलं.

हा प्रश्न विचारण्याची वेळ नव्हती. तासाभरात टीव्ही, खाट, गॅसची शेगडी, देव आणि धानाचं बियाणं ओसरीवर आलं. योगेश्वरीबाईंनी मध्ये दोनदा तोंड उघडलं, पण इंद्रकुमारांनी दोन्ही वेळा हात वर करून त्यांना थांबवलं. आपत्तीच्या वेळी हुकूम एकाचाच चालतो. मग ते तडक शेजारी भैयाजी बिसेनांच्या दारात उभे राहिले.

भैयाजी म्हणजे भारदस्त माणूस. शेती गावी, मुक्काम शहरात, आणि नुकतीच घेतलेली घरगुती पिठाची गिरणी मधल्या भिंतीला टेकवलेली. गिरणी सुरू झाली की इंद्रकुमारांच्या घरातली भांडी भजन करायची.

"भैयाजी, तुमच्या गिरणीनं भिंत फाटली. माझ्यापाशी पुरावा आहे. काच."

"माह्या गिरणीनं?" भैयाजींनी पिठाचे हात झटकले. "अन् तुमचा कूलर? सारा उन्हाळा भिंतीच्या बुडाशी पाणी गाळून राहिला, तो? पाया भिजून चिखल झाला असन, त्याचं काय, बडे बाबू?"

"कूलरच्या पाण्यानं भिंत फाटत नसते. मी पाटबंधाऱ्यात होतो."

"म्हणूनच म्हणतो जी. पाटबंधारेवाल्याच्या घरचं पाणी गळनच!"

हा वार जिव्हारी लागला. इंद्रकुमार परतले ते सरळ कागद घेऊन बसले. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप केलेल्या माणसाचा स्वतःचा अर्ज काय दर्जाचा असेल, हे सांगायला नको. 'सदर सामाईक भिंत शेजाऱ्याच्या गिरणीमुळे कोणत्याही क्षणी कोसळण्याचा संभव असून' असं लिहून त्यांनी तो नगरपरिषदेत दिला. भैयाजींना हे कळायला वेळ लागला नाही. त्यांनी कूलरवर अर्ज केला. त्यांची भाषा साधी होती, पण भिंत कोसळणार यावर दोघांचंही एकमत होतं.

सरकारी कागद एरवी किती सावकाश चालतो हे इंद्रकुमारांना माहीत होतं. ती चाल त्यांनीच तर राखली होती. पण पावसाळ्याआधी धोकादायक इमारती शोधून काढायचा हुकूम वरून आला होता आणि पालिकेला आयतीच एक सापडली. आठवड्याच्या आत शालीकराम नावाचा कर्मचारी खळीचा डबा घेऊन आला आणि त्यानं दोन्ही दारांवर एकेक नोटीस चिकटवली. इमारत धोकादायक. तात्काळ रिकामी करावी. इंजिनिअरचा तपासणी अहवाल सादर न केल्यास पाडण्यात येईल.

"अरे पण चूक त्यांची आहे!" इंद्रकुमार आणि भैयाजी एकाच वेळी, एकमेकांकडं बोट दाखवून ओरडले.

"साहब, मैं क्या करू?" शालीकरामनं डब्यात ब्रश बुडवला. "तुम्ही दोघांनीच लिहून देल्लं का भिंत पडन म्हणून. आता पालिका नाई कशी म्हणन?"

इंद्रकुमारांनी नोटीस वाचली. 'धोकादायक' ऐवजी 'धोकादाय' छापलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढून शेवटचा 'क' व्यवस्थित लिहिला. स्वतःच्या घराला स्वतःच्या हातानं धोकादायक करणारे गल्लीतले ते पहिलेच गृहस्थ.

आता दोन्ही घरांचे संसार ओसरीवर आले. इंद्रकुमार पूर्वेकडं तोंड करून बसायचे, भैयाजी पश्चिमेकडं. मध्ये पाठींची सरहद्द. पण भैयाजींच्या पत्नी सुलोचनाबाईंचा सिलिंडर ऐन वेळी संपला आणि त्यांनी आपला भाताचा गंज, म्हणजे पातेलं, योगेश्वरीबाईंच्या शेगडीवर आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी वरणही एकत्र झालं. तिसऱ्या दिवशी दोन्ही पुरुषांना एकाच कढईतली भाजी, एकमेकांकडं पाठ करून खावी लागली. पाठ करून खाल्ल्यानं भाजीची चव बदलत नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

"अजी, आपल्याले इथंच राहायचं आहे," योगेश्वरीबाई त्या दुपारी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "या घरात मी नवरी म्हणून आली. मले त्या फ्लॅटच्या डब्यात जायचं नाई. काहीतरी करा."

इंद्रकुमार दारातून आतल्या भेगेकडं पाहत राहिले. एवढ्या वर्षांच्या टिपण्यांत अशा प्रसंगी पुढं काय करायचं, ते कुठंच टाइप केल्याचं त्यांना आठवेना.

इंजिनिअर शोधला तो सुलोचनाबाईंनी. एका सकाळी स्कूटरवरून एक तरुण बाई उतरली. पाठीवर पिशवी, पिशवीत हातोडी, ओळंबा आणि टॉर्च.

"या, बसा," इंद्रकुमार म्हणाले. "इंजिनिअर साहेब मागून येऊन राहिले का?"

"मीच आहे. रुचिका कटरे." तिनं हेल्मेट खाटेवर ठेवलं. "भेग नंतर पाहू. आधी घर बाहेरून पाहते."

ती दोन्ही घरांभोवती फिरली. पायापाशी उकिडवी बसली. छतावर चढली. दोन्ही बाजूंनी भिंतीला ओळंबा लावला. मागं मागं इंद्रकुमार आणि भैयाजी. एक गिरणीबद्दल सांगत होता, दुसरा कूलरबद्दल. ती "हं" म्हणायची आणि पुढं जायची. मग बैठकीत येऊन तिनं भेगेवर एक पारदर्शक मोजपट्टी धरली. वर, मध्ये आणि खाली.

"काचा कोणी लावल्या?"

इंद्रकुमारांनी घसा साफ केला. "मी. टेल-टेल. पाटबंधाऱ्यात..."

"पद्धत बरोबर आहे. तारीख लिहायला हवी होती," ती म्हणाली. बरोबर आहे, हे शब्द इंद्रकुमारांनी भैयाजींकडं वळून, डोळ्यांनीच पुन्हा ऐकवले. तेवढ्यात ती खाली वाकली. "पण मग ही खालची का नाही फुटली?"

खालची काच अखंड होती. एवढ्या धांदलीत तिच्याकडं कोणी पाहिलंच नव्हतं.

"भेग हलली असती तर ही पण फुटली असती. वरची कशानं फुटली?"

योगेश्वरीबाईंनी पदर सारखा केला.

"ती मी फोडली. अखातीचे जाळे काढून राहिली होती, झाडूचा दांडा लागला."

"अन् मले सांगतलं नाई?" इंद्रकुमारांचा आवाज चिरकला.

"दोनदा सांगाले आली होती. तुम्ही हात वर केला. मग देव बाहेर नेले तुम्ही. देव बाहेर गेल्यावर काय सांगू?"

भैयाजी हसले नाहीत. त्यांनी फार प्रयत्नपूर्वक खिडकीबाहेर पाहिलं. त्यांचे खांदे मात्र हलत होते. इंद्रकुमारांना वाटलं, भिंत आत्ताच पडली तर बरं.

रुचिकाचं लक्ष भिंतीतच होतं. "विटांची भिंत फाटते ना काका, तेव्हा भेग सांध्या-सांध्यातून पायऱ्या उतरल्यासारखी जाते. एकीकडं रुंद, एकीकडं बारीक. ही तर ओळंब्यात आहे. सगळीकडं सारखी. अशी भेग भिंत पाडत नाही, माणूस पाडतो." तिनं हातोडीनं हळूच ठोकत नेलं. एका बाजूला आवाज टणक येत होता. भेगेच्या पलीकडं, कपाटाच्या बाजूला, थोडा बोदा. "हे कपाट सरकवता येईल?"

ते कपाट योगेश्वरीबाईंच्या लग्नात आलं होतं आणि तेव्हापासून कोणी हलवलं नव्हतं. इंद्रकुमारांनी जोर लावला. कपाट जागचं हललं नाही. भैयाजी काही न बोलता आले आणि दुसऱ्या बाजूला उभे राहिले. दोघांनी मिळून ढकललं. मागं भिंतीवर दुसरी भेग होती. पहिलीसारखीच सरळ. रुचिकानं दोन्हींच्या वरचा गिलावा खरवडला, तशी आतून विटांची एक सुरेख कमान दिसू लागली.

"दरवाजा!" सुलोचनाबाई म्हणाल्या.

दरवाजाच होता. वखारीच्या दोन दालनांमधला. शेठनं विकताना तो विटांनी बुजवला होता, आणि घाईत नवीन विटा जुन्या भिंतीत गुंतवल्याच नव्हत्या. नुसत्या मातीत रचून ठेवल्या होत्या. उन्हाळ्यात माती आकसायची, पावसाळ्यात फुगायची आणि सांधा गिलाव्यातून डोकावायचा.

"घर पक्कं आहे," रुचिका म्हणाली. "ओळंब्यात आहे, पाया खचलेला नाही. कूलर भिंतीपासून दूर न्या, खरंच ओल धरली आहे. गिरणीखाली रबर टाका, गिलावा तिच्या हादऱ्यानं सुटतोय. दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं."

योगेश्वरीबाई खाटेवर बसल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. इंद्रकुमार नुसते त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. ज्यांनी तीस-बत्तीस वर्षं उत्तरादाखल 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' एवढंच लिहिलं, त्यांच्याकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

"आणि या भरावाचं काय करायचं?" भैयाजींनी विचारलं.

"सळया घालून जुन्या भिंतीला शिवून टाकता येईल. किंवा काढून टाका. भार कमान घेते आहे, खालच्या विटा नुसत्या उभ्या आहेत."

दोन्ही बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. "काढूनच टाका," त्या एकदम म्हणाल्या.

"असं कसं?" इंद्रकुमार म्हणाले. "घराची काही मर्यादा..."

"हो ना," भैयाजी म्हणाले. "माणसाची काही प्रायव्हसी..."

आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमेकांच्या बाजूनं एकमत झालं होतं, आणि नेमकं तेच कोणी विचारात घेतलं नाही. चार दिवसांनी गवंडी लागले. वरून विटा निघत गेल्या आणि हातभर जागा झाली, तेव्हा एका बाजूनं इंद्रकुमारांनी आत डोकावलं. समोर भैयाजींचा चेहरा, पलीकडून डोकावणारा.

"राम राम," इंद्रकुमार म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"राम राम, साहेब," भैयाजी म्हणाले.

चेष्टेनं म्हणाले की मनापासून, हे त्या धुळीत नीट दिसलं नाही. इंद्रकुमारांनी मनापासून असं धरून चालायचं ठरवलं.

रुचिकाचा अहवाल पालिकेत गेला आणि शालीकराम नोटिसा काढायला आला. पाण्यानं भिजवून त्यानं कागद खरवडला, आत डोकावला आणि थबकला.

"ये दरवाजा नया है क्या? इसकी परमिशन?"

"नवीन कुठला?" इंद्रकुमार ताठ झाले. "तुमच्या पालिकेच्या आधीचा असेल तो. उलट तो बुजवायची परवानगी कोणी घेतली होती, ते आधी शोधून काढा."

शालीकरामनं यावर थोडा विचार केला, सुलोचनाबाईंनी दिलेलं पन्हं पिऊन टाकलं आणि तो गेला.

दाराला फळ्या बसवायचं ठरलं होतं. कडी कोणाच्या बाजूला, यावर दोघांची चर्चा चालू असतानाच मे महिना भरात आला. अशाच एका दुपारी इंद्रकुमार कमानीखाली उभे होते, आणि त्यांच्या मानेला काहीतरी गार लागलं. वारा होता. इतकी वर्षं दोन्ही घरांत कोंडून बसलेला वारा आता इकडून तिकडं सरळ वाहत होता. भिंत जाड, त्यामुळं उंबऱ्यावर ऐसपैस बसता येत होतं. ते बसले. थोड्या वेळानं पलीकडून भैयाजी आले आणि दुसऱ्या बाजूला टेकून बसले.

"वारा मस्त आहे जी," भैयाजी म्हणाले.

"आमच्या अंगणातून येऊन राहिला," इंद्रकुमारांनी माहिती दिली.

"तुमच्या? हा पश्चिमेचा वारा होय, बडे बाबू. आमच्या खिडकीतून येते."

"हवेचा दाब कसा असते, सांगू का तुम्हाले?"

"सांगा जी. मी ऐकून राहिलो."

इंद्रकुमारांनी पाय लांब केले, डोक्याखाली हात घेतला आणि हवेच्या दाबाबद्दल सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला भैयाजी घोरू लागले. चौथ्या वाक्याला इंद्रकुमारही.